मे ते सप्टेंबर: डिग्रीला निघालेल्या भाचीला

पोरी, सहाव्या सत्राचा शेवटचा पेपर टाकलास की दोन दिवस मनसोक्त झोप. त्यानंतरचे महिने मात्र मला दे.

डिप्लोमाची परीक्षा मेमध्ये संपते. डायरेक्ट सेकंड इयरचा प्रवेश हातात पडेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, कधी सप्टेंबरही. मधले दिवस बहुतेक मुलं आधी निकालाची, मग मेरिट लिस्टची, मग कॅप राऊंडची, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीची, वाट बघण्यात घालवतात. पॉलिटेक्निकमध्ये सिव्हिल शिकवताना मी अशा मुलामुलींच्या तुकड्यामागून तुकड्या डिग्रीला जाताना पाहिल्या. पुढे कोण तरणार आणि कोण केटीत, म्हणजे राहिलेल्या विषयांत, अडकणार, हे बरंचसं याच महिन्यांत ठरून जातं. कॉलेज कोणतं मिळालं, याने त्यामानाने कमी फरक पडतो.

तुमचं एक वर्ष वाचलं, असं घरात सगळे म्हणतात. तसं समजू नकोस. डिप्लोमाची तीन वर्षं जमेला धरून सरकार तुम्हाला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात बसवतं. सीईटी नाही, डिप्लोमाच्या टक्क्यांवर मेरिट लागतं. पण बारावीहून आलेल्या मुलांनी अकरावी-बारावीत दोन वर्षं आणि डिग्रीच्या पहिल्या वर्षात आणखी दोन सत्रं गणित केलेलं असतं. तुम्ही डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात थोडं डिफरेन्शिएशन आणि इंटिग्रेशन केलं आणि मग दोन वर्षं सर्व्हे, एस्टिमेट, काँक्रीट यांत रमलात. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजमधून विद्यापीठात सिव्हिलला जाणाऱ्या मुलांना विषयागणिक हिशोब द्यावा लागतो. कॅल्क्युलस, डिफरेन्शियल इक्वेशन, फिजिक्स हे सगळं बदलीआधी पूर्ण झालं की नाही, हे तिथलं विद्यापीठ एकेक करून तपासतं. आपल्याकडे अख्खं वर्ष एकगठ्ठा सोडून देतात. त्यामुळे तुझं काय राहिलं, हे बघायला कोणी येत नाही. ते तुलाच बघावं लागेल, आणि दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात गणित समोर उभं राहण्याआधी बघावं लागेल.

म्हणून रोज सकाळी तीन तास गणित. अप्पा बळवंत चौकात पहिल्या वर्षाची जुनी पुस्तकं रास लावून मिळतात. एम-वन आणि एम-टूचं, म्हणजे पहिल्या दोन सत्रांच्या गणिताचं, एकेक आण. ग्रेवालचं जाड पुस्तक मिळालं तर तेही घे, पुढे तीनही वर्षं उपयोगी पडेल. सगळं पहिल्यापासून करायला बसू नकोस, तेवढा वेळ नाही. पार्शियल डिफरेन्शिएशन, डबल इंटिग्रेशन, पहिल्या ऑर्डरची डिफरेन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स, एवढं पक्कं कर. उरलेलं वर्ग सुरू झाल्यावर जमतं.

हे रुक्ष वाटेल, म्हणून ते कशासाठी आहे हेही सांगते. मधोमध एक वजन असलेल्या, दोन टोकांवर टेकलेल्या बीमचं डिफ्लेक्शन तू पाठ केलं आहेस: डब्ल्यू एल क्यूब भागिले 48 ईआय. सगळीकडे सारखा भार असेल तर 5 डब्ल्यू एल रेज टू 4 भागिले 384 ईआय. डिप्लोमात ती सूत्रं वापरता आली की मार्क मिळतात. डिग्रीत विचारतात की हा 48 आला कुठून. तो बीमच्या वाकण्याच्या डिफरेन्शियल इक्वेशनमधून येतो. ते दोनदा इंटिग्रेट करायचं, टेकूपाशी डिफ्लेक्शन शून्य ही अट घालायची, की 48 समोर येतो. एकदा स्वतःच्या हाताने काढून बघ. मग बीम कॅन्टिलिव्हर असो, भार अर्ध्याच लांबीवर असो, सूत्र शोधत बसावं लागत नाही. कॉलम कोणत्या भाराला बाजूला झुकून मोडेल, हे सांगणारं ऑयलरचं सूत्रही याच घराण्यातलं.

दुसऱ्या वर्षाच्या एम-थ्रीमध्ये उष्णतेच्या वहनाचं समीकरण येतं. सिव्हिलची मुलं विचारतात, आम्हाला लोखंडी सळईतल्या उष्णतेशी काय करायचंय? सॉइल मेकॅनिक्समध्ये टेरझागीचं कन्सॉलिडेशन शिकशील तेव्हा लक्षात येईल की ते तेच समीकरण आहे. सळईत तापमान पसरतं त्याच नियमाने, भाराखाली दबलेल्या चिकणमातीतला पाण्याचा दाब हळूहळू उतरतो आणि इमारत खचते. गॉस एलिमिनेशन आत्ता आकडेमोडीचा खेळ वाटेल. पुढे स्टाड सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम टाकून बटण दाबशील, तेव्हा आत शेकडो समीकरणं सुटतात ती अशाच पद्धतीने. हे जोड वर्गात कोणी सांगेलच असं नाही, कारण गणित शिकवणारे वेगळे आणि सॉइल शिकवणारे वेगळे. तू वहीच्या समासात लिहून ठेव.

पुण्याच्या मुलीने तर ही थिअरी मनावर घ्यायलाच हवी. 12 जुलै 1961 ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचं दगडी धरणही फोडलं. पानशेतचं काम तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं, तरी पावसाळ्याचं पाणी अडवलं होतं. पाणी सोडणाऱ्या विमोचकाच्या वरचा भराव खचत गेला. जवानांनी मातीची पोती टाकून तो काही तास तोलून धरला, म्हणून फुटण्याची वेळ रात्रीवरून सकाळवर गेली आणि असंख्य माणसं वाचली. तुझ्या आजोबांच्या पिढीला नदीकाठच्या पेठांतला तो चिखल शेवटपर्यंत आठवत होता. मातीची घनता कशी मोजायची, प्रॉक्टर टेस्ट कशी करायची, हे तुला आजच येतं. भराव का खचतो, पाणी त्यातून कोणत्या वाटेने झिरपतं, कामाचा क्रम बदलला तर काय होतं, हे शिकायला तू डिग्रीला चालली आहेस. संधी मिळाली तर खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र बघून ये. 1916 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत पाण्याचा अभ्यास चालतो, धरणांच्या आणि बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत पाणी सोडून बघतात. हायड्रॉलिक्सचे डायमेन्शनलेस नंबर तिथे डोळ्यांना दिसतात.

दुपारनंतर साइटवर जा. इंडस्ट्रियल ट्रेनिंगला जिथे होतीस तिथेच विचार, पगार नाही मिळाला तरी चालेल. सेफ्टी शूज आणि हेल्मेट स्वतःचं घे, साइटवरची बहुधा मुलींच्या मापाची नसतात. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी सळया मोजायला थांब. बारबेंडिंग शेड्यूल आणि प्रत्यक्ष बांधलेली जाळी यांत कुठे फरक पडतो ते टिपून ठेव. कव्हर ब्लॉक ठेवले आहेत का, स्लंप कोण घेतं, क्यूबवर तारीख कोण लिहितं, तेही बघ. सेंट्रिंगच्या मुकादमाशी नीट बोल. त्याला विचारलंस की प्रॉप किती दिवसांनी काढता आणि का, तर तो जे सांगेल ते आयएस 456 मध्ये शोध. संध्याकाळी घरी आल्यावर दहा ओळी लिही. डिग्रीच्या शेवटच्या वर्षात प्रोजेक्टचा विषय शोधत मुलं हैराण होतात. तुझा विषय त्या वहीत आधीच लिहिलेला असेल.

आता कागदपत्रं, कारण इथे हुशार मुलांच्या हातून जागा गेलेली मी पाहिली आहे. टक्के भरपूर, पण जात वैधता प्रमाणपत्र वेळेत आलं नाही, म्हणून राखीव जागेवरचा हक्क गेला. आपलं ओबीसीचं जात प्रमाणपत्र आहे. तेवढ्याने भागत नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं लागतं, आणि ते चार दिवसांत मिळत नाही. अर्ज ऑनलाइन करून कॉलेजचं पत्र जोडावं लागतं. ते पत्र पॉलिटेक्निकमध्ये असेपर्यंतच घे, नंतर तिथे खेपा घालाव्या लागतात. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा बघतात. तुझ्या आजोबांच्या शाळेचा दाखला माझ्या ट्रंकेत आहे. माझं स्वतःचं वैधता प्रमाणपत्रही देते, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचं असलं की काम सोपं होतं. शपथपत्रावर दादाच्या, म्हणजे तुझ्या वडिलांच्या, सह्या आधीच करून घे. नॉन-क्रिमिलेअरची मुदत 31 मार्चला संपते. प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालेल असंच ते हवं, जुनं दाखवून उपयोग नाही. डोमिसाइल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं हे सगळं जूनच्या आत तयार ठेव. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघ. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक आणि आधारवर दुसरं असलं की सुविधा केंद्रावर अर्ज अडतो.

कागद वेळेत हवेत याला दुसरंही कारण आहे, ते पैशाचं. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर ही माफी नाही. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही. पुण्यात अशी विद्यापीठं बरीच आहेत आणि त्यांच्या जाहिराती मोठ्या असतात. म्हणून आधी बघ की जागा कॅपची आहे का, मग इमारत बघ. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फी माफीचा अर्ज भरला आणि कॉलेजच्या लॉगिनमध्ये तो पडून राहिला, असं होतं. दर पंधरवड्याला स्थिती तपास आणि ऑफिसात जाऊन शांतपणे विचार. दादाला कर्जाचा विषय काढू देऊ नकोस, आधी हे होऊ दे.

पसंतीक्रम भरताना आपण दोघी बसू. मागच्या वर्षाचे कटऑफ प्रसिद्ध झालेले असतात, ते छापून आण. बारावीनंतरच्या प्रवेशाचे आणि डायरेक्ट सेकंड इयरचे कटऑफ वेगळे असतात, चुकून भलताच तक्ता उघडू नकोस. दुसऱ्या वर्षात डिप्लोमावाल्यांसाठी मंजूर संख्येवर थोड्या जास्तीच्या जागा असतात आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांत येतात. त्यामुळे एखाद्या कॉलेजात यंदा जागा जास्त, पुढच्या वर्षी कमी, असं दिसेल. यादीत सगळ्यांत वर तेच लिही जे खरंच हवं आहे. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की ती जागा घ्यावीच लागते, पुढच्या फेरीत नाव राहत नाही. आपल्याला मिळणारच नाही, म्हणून चांगलं कॉलेज यादीतून गाळू नकोस. वर लिहिल्याने खालच्या संधीचं काही बिघडत नाही.

कॉलेज बघायला गेलीस तर स्वागतकक्षात बसू नकोस, लॅबमध्ये जा. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर धूळ आहे का बघ. टोटल स्टेशन किती आहेत आणि ती मुलांच्या हातात देतात की कपाटात असतात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार. सिव्हिलला कायमस्वरूपी शिकवणारी माणसं किती, हेही तेच खरं सांगतील. आणि अंतर बघ. हडपसरहून आकुर्डीला किंवा वडगावला रोज जाऊन-येऊन तीन तास गेले, तर गणिताचे सकाळचे तीन तास गेलेच म्हणून समज. थोडं कमी नावाजलेलं, पण जवळचं आणि लॅब चालू असलेलं कॉलेज मला जास्त पटतं. नावाला भुलून लांब गेलेल्या मुली दुसऱ्या सत्रापर्यंत दमून जातात. दूरचंच मिळालं तर वसतिगृहासाठी लगेच अर्ज कर, निर्वाह भत्त्याच्या योजनांचीही चौकशी कर.

एक मोह याच वेळी पडेल. डिप्लोमा कोणत्याही शाखेचा असला तरी डायरेक्ट सेकंड इयरला शाखा बदलता येते. तुझ्या वर्गातल्या काही जणी कंप्युटरला जातील आणि तुलाही बोलावतील. ज्या मुलीला कोड लिहिताना जेवणाचं भान राहत नाही, तिने जरूर जावं. पण ऑटो लेव्हल लावताना तुझा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे. तीन वर्षांत कमावलेलं सगळं टाकून शून्यावरून सुरुवात करायची, तीही एक वर्ष कमी घेऊन, हे फक्त शेजारच्यांच्या मुलाच्या पॅकेजकडे बघून करू नकोस.

प्रवेश झाला की वर्ग बरेच पुढे गेलेले असतात. एखादी युनिट टेस्टही होऊन गेलेली असते. पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांना आणि विभागप्रमुखांना भेट, मागच्या प्रॅक्टिकलचं काय करायचं ते विचारून लिहून घे. काही कॉलेजांत डिप्लोमावाल्यांसाठी गणिताचा ब्रिज कोर्स असतो. तो कॉलेज सुटल्यावर उशिरा असतो म्हणून मुलं बुडवतात. तू बुडवू नकोस. वर्गात डिप्लोमावाल्यांचा एक घोळका मागच्या बाकांवर बसतो. त्यांच्याशी मैत्री ठेव, पण बस पुढे, बारावीहून आलेल्यांच्या शेजारी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी थिओडोलाइटला हात लावलेला नसतो, ड्रॉइंग शीट लावताना टी-स्क्वेअर सरकतो. तू त्यांना टेम्पररी ॲडजस्टमेंट शिकव, त्यांच्याकडून इंटिग्रेशन शीक. सर्व्हे प्रोजेक्टमध्ये तुझ्या गटाचं ट्रॅव्हर्स जुळलं की तुला आपोआप मान मिळतो.

उत्तरपत्रिकेची सवयही बदलावी लागेल. डिप्लोमात चार मुद्दे आणि एक आकृती दिली की मार्क पडायचे. विद्यापीठात गृहीतकं लिहा, पायऱ्या दाखवा, एकक लिहा. हे पहिल्या टेस्टच्या आधी दोन जुने पेपर सोडवून अंगात मुरव. तुझ्या डिग्रीचा सगळा हिशोब सहाच सत्रांचा आहे. त्यामुळे एका खराब सत्राचं ओझं तुझ्या सीजीपीएवर इतरांपेक्षा जास्त पडतं. पहिल्या सत्रात केटी राहू देऊ नकोस, विशेषतः गणिताची. कॅम्पसला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावीपासून सगळीकडे 60 टक्के मागतात. बारावीच्या जागी ते तुझा डिप्लोमा बघतील. तो तुझा चांगला आहे, तो बायोडेटात वरच लिही.

कोणी डिप्लोमावाली म्हणून कमी लेखलं, तर त्यांना पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा इतिहास सांग. आज ते तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. पण 1854 मध्ये ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ म्हणून ते सुरू झालं, तेव्हा तिथे बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ कर्मचारी तयार करायचे होते. रस्ते, पूल, कालवे उभे करणारी, साइटवर उभी राहणारी माणसं. विद्यापीठाची पदवी तिथे नंतर आली. 1880 च्या दशकात मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या बंगळुरूहून बी.ए. होऊन पुण्यात आले, इथे सिव्हिल शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. धरणाची भिंत न वाढवता साठा वाढला. हाताला कामाची सवय आणि डोक्यात हायड्रॉलिक्स असल्याशिवाय तसा दरवाजा सुचत नाही. तुझ्याकडे त्यातलं निम्मं आहे, आणि डिग्रीच्या बऱ्याच मुलांकडे नेमकं तेच नसतं.

डिग्री चालू असताना कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिरातींवर डोळा ठेव. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, जिल्हा परिषदा आणि केंद्राच्या स्टाफ सिलेक्शनची जेई परीक्षा, यांना सिव्हिलचा डिप्लोमा पुरतो. फॉर्म भर, परीक्षा दे, अभ्यास तोच आहे. एमपीएससीच्या स्थापत्य सेवेला मात्र पदवी लागते. गेट तिसऱ्या वर्षात असतानाही देता येते. ती एकदा देऊन बघ, निदान कुठे कच्चं आहे ते कळेल.

दादाची तब्येत आणि घरचं बघता, मध्येच नोकरी धरावी लागली तर रडू नकोस. 2023 पासून एआयसीटीईने, म्हणजे तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी चालणारे बी.टेक. अभ्यासक्रम मान्य केले आहेत, डिप्लोमावाल्यांना त्यांत जाता येतं. पण पत्रव्यवहाराने, घरबसल्या सिव्हिलची डिग्री देतो म्हणणाऱ्याच्या दारात उभी राहू नकोस. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये असं तांत्रिक शिक्षण मान्य नसल्याचं स्पष्ट केलं आहे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या एएमआयई परीक्षेचंही तसंच. माझ्या वयाच्या कितीतरी जणांनी नोकरी सांभाळून ती केली आणि मोठ्या पदांवर गेले. पण 31 मे 2013 नंतर नाव नोंदवलेल्यांना तिची पदवीशी समकक्षता मिळत नाही. कोणी जुन्या माणसाने सुचवलं तर त्याचा हेतू चांगला असेल, पण नियम बदलला आहे. संध्याकाळचा कोर्स सापडला तर त्या वर्षाचं एआयसीटीईचं मान्यतापत्र कॉलेजकडून मागून घे. फी भरण्याआधी ते मला दाखव. आणि प्रवेश रद्द करायची वेळ आली तर ठरलेल्या मुदतीच्या आत लेखी अर्ज दे. नियमाप्रमाणे त्यांना 1000 रुपयांहून जास्त कापता येत नाहीत, आणि तुझे मूळ दाखले अडवून ठेवता येत नाहीत.